रडार डिटेक्टर उगाच का वाजतो?

प्रश्न : टेक्सासमध्ये राहतो. गाडीतला रडार डिटेक्टर (पोलिसांच्या वेग मोजणाऱ्या रडारचा इशारा देणारं यंत्र) सारखा ‘के बँड’ दाखवून वाजतो, पण पोलीस कुठेच नसतात. बिघडलाय का?

उत्तर : बहुधा नाही. पोलिसांची के बँड रडारगन २४.१५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजे आणि बऱ्याच गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सरही (आरशात न दिसणारी बाजूची गाडी टिपणारे) त्याच पट्ट्यात लहरी सोडतात. शेजारच्या लेनमधली गाडी पुढे गेली की आवाज थांबतो, ही त्याची खूण.

आधी स्वतःची गाडी तपासा. मोकळ्या जागी इंजिन चालू ठेवून मेनूतून ब्लाइंड स्पॉट बंद करा. आवाज थांबला तर दोषी तुमच्याच मागच्या बंपरआडचा सेन्सर आहे. तपासून झाल्यावर ते पुन्हा सुरू करा, सुरक्षा महत्त्वाची. डिटेक्टरमध्ये गाड्यांचे सिग्नल गाळणारा फिल्टर असेल तर तो लावा, शहरात ‘सिटी’ मोड (कमी संवेदनशील) ठेवा. जीपीएस असल्यास रोजच्या दुकानांचे सिग्नल ‘लॉकआउट’ करता येतात, म्हणजे त्या जागी तो गप्प राहतो. के बँड पूर्ण बंद मात्र करू नका, पोलीस तो अजून वापरतात. ‘केए’ या पोलिसांच्या दुसऱ्या रडार पट्ट्याचा इशारा (३३.४ ते ३६ गिगाहर्ट्झ) सहसा खराच धरावा.

‘लेझर’चा (पोलिसांच्या लेझरगनचा) खोटा इशारा? पुढच्या गाडीचा लिडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) किंवा समोरचं ऊन.

आणि हो, व्हर्जिनियात शिरण्याआधी डिटेक्टर काढून ठेवा. तिथे बंदी आहे.