नाशिक कमी खर्चात बघायचंय? मग मुक्काम गंगेजवळच करा

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत परभणीहून तपोवन एक्स्प्रेसनं चौघं येताय: तुम्ही, मिस्टर, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. दोन पूर्ण दिवस आहेत आणि रेल्वेचं भाडं सोडून सहा हजारांत सगळं बसवायचंय. सासूबाईंना त्र्यंबकेश्वर करायचंय, तुम्हाला मिसळ खायचीय, मुलाला काहीतरी बघण्यासारखं हवंय, आणि एका गाडीवाल्यानं दोन दिवसांचे साडेपाच हजार सांगितल्यावर तुमचा धीर सुटलाय.

ताई, सहा हजारांत व्यवस्थित होतं. आधी ती गाडी रद्द करा. माझं सगळं आयुष्य पंचवटीत गेलंय, म्हणून खात्रीनं सांगते: नाशिकमध्ये जे सगळ्यांत चांगलं आहे त्याला एकतर तिकीट नाही, नाहीतर नावापुरतं आहे. पैसे जातात ते लांब हॉटेल घेऊन रोज गावात ये-जा करण्यात आणि ‘नाशिक दर्शन’च्या नावाखाली दहा ठिकाणी दहा-दहा मिनिटं उतरण्यात. त्यामुळे खर्चाचा निकाल मुक्कामाच्या जागेवरच लागतो. पंचवटीत, गोदावरीच्या काठी (आम्ही तिलाच गंगा म्हणतो), काळाराम मंदिर ते रामकुंड या पट्ट्यात कुठेही राहा. भक्तनिवास, धर्मशाळा, साधी लॉज भरपूर आहेत. चौघांना एक खोली, दोन रात्रींचे दोन-अडीच हजार धरा. फोनवर दोन गोष्टी नक्की विचारा: गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळतं आणि खोली कितव्या मजल्यावर आहे. सासूबाई सोबत आहेत, तर तळमजल्यासाठी शे-दोनशे जास्त गेले तरी द्या.

नाशिकरोड स्टेशन गावापासून लांब आहे. बाहेर पडल्यावर रिक्षावाले घेरतील. त्यांना नमस्कार करून सिटीलिंकची, म्हणजे शहर बससेवेची, निमाणीची बस पकडा. निमाणी म्हणजे पंचवटीचा बसस्टँड, तिथून तुमची खोली चालत. संध्याकाळी गाडीतून उतरून सामानासकट पोचेपर्यंत दमलेले असाल, त्या दिवशी काही बघायला जाऊ नका. जेवायला मर्यादित थाळी घ्या. अमर्यादित थाळीत मुलाचे आणि सासूबाईंचे पैसे वाया जातात. पिठलं-भाकरी किंवा शेवभाजी कुठे मिळाली तर उत्तमच.

पहिला दिवस पायी फिरण्याचा. सकाळी सात वाजता बाहेर पडा, कारण पंचवटी त्या वेळी सगळ्यांत सुंदर असते. फुलवाल्यांनी टोपल्या मांडलेल्या असतात आणि यात्रेकरूंच्या बसेस अजून आलेल्या नसतात. आधी काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकरांनी १८व्या शतकाच्या अखेरीस बांधलेलं हे काळ्या दगडाचं देऊळ आतून निवांत बघा, चारी बाजूंच्या ओवऱ्यांत थोडं बसा. आणि मुलाला दारात उभं करून एक गोष्ट जरूर सांगा: याच मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सत्याग्रह सुरू झाला, आणि दादासाहेब गायकवाडांसारख्या नाशिकच्या माणसांनी तो वर्षानुवर्षं चालवला. हातात झेंडी धरलेले गाइड ही गोष्ट बहुतेक वेळा सांगत नाहीत, म्हणून तुम्ही सांगा.

शेजारीच सीतागुंफा आणि वडाची झाडं. गुंफेत वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. सासूबाईंना गुडघ्याचा त्रास असेल तर त्यांना बाहेर पारावर बसू द्या. मुलाला मात्र ही जागा नक्की आवडेल. तिथून उतारानं खाली रामकुंड. समोर पायऱ्या चढून कपालेश्वर, जिथे महादेवापुढे नंदी नाही. का नाही, ते पुजारी आनंदानं सांगतात. नारोशंकराच्या देवळाची मोठी पोर्तुगीज घंटा वसईच्या विजयानंतर आलेली आहे. आणि घाटावरचा दुतोंड्या मारुती बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं नाशिक एकमेकांना विचारतं, मारुतीच्या कुठवर आलं? कमरेला आलं तर सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवायला लागतात. फेब्रुवारीत तो कोरडा उभा असतो, पण पाणी कुठवर चढतं हे मुलाला बोटानं दाखवता येईल.

इतकं होईपर्यंत साडेनऊ होतील. आता मिसळ.

मिसळीबद्दल नाशिककर सहज एकमत करत नाहीत, तरी माझं मत देते. आमची मिसळ पुण्यासारखी पोहे-चिवडा घातलेली नसते. मोड आलेली मटकी, वर शेव, बाजूला कांदा, लिंबू, पापड, बऱ्याच ठिकाणी दहीही, आणि रस्सा वेगळा. रस्सा लाल किंवा काळा. काळा म्हणजे कांदा-खोबरं चांगलं खरपूस भाजून काळ्या मसाल्यात केलेला. तो दिसतो तितका जहाल नसतो, त्याची चव खोल असते. पंचवटी कारंजावरची अंबिका काळ्या रश्शासाठी ओळखली जाते आणि तुमच्या वाटेवरच आहे. चुलीवरच्या मिसळीसाठी सगळे साधनाचं नाव घेतील. जागा मोकळी आहे, मिसळ छान आहे, पण पंचवटीहून लांब पडते आणि रविवारी तिथे खूप वेळ थांबावं लागतं. या खेपेला रिक्षाचे ते पैसे वाचवा. मिसळ शंभराच्या आगेमागे जाते. रस्सा परत मागितला तर बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, म्हणून तीन मिसळी आणि जादा पाव एवढ्यात चौघांचं पोट भरतं. मुलासाठी पहिल्यांदाच रस्सा कमी घ्या आणि दही मागून घ्या. मिसळ सकाळीच खायची. संध्याकाळी मिळते, पण सकाळच्या ताज्या रश्शाची तऱ्हाच वेगळी.

दुपारी खोलीवर पडा आणि साडेतीनच्या सुमारास पाथर्डी फाट्याकडे जाणारी बस धरून पांडवलेण्यांना जा. यासाठी मी आग्रह धरीन, कारण ‘मुलाला बघण्यासारखं’ म्हणालात ते इथे आहे. डोंगराच्या पोटात २४ लेणी, पुरातत्त्व खात्याचं माफक तिकीट आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तेही नाही. पायऱ्या रमतगमत चढायला वीस मिनिटं लागतात. सासूबाईंना चढायचं नसेल तर पायथ्याशी मोठा बुद्धविहार आहे, आत गार आणि शांत असतं, तिथे बसता येतं.

वर गेल्यावर सगळी लेणी घाईघाईनं बघत सुटू नका. तिसऱ्या आणि दहाव्या क्रमांकाच्या लेण्यांना वेळ द्या. तिसऱ्याच्या दर्शनी भागात खाली दगडी पुरुष आहेत, त्यांनी सगळी ओवरी खांद्यावर उचलून धरलीय. तिथल्या शिलालेखात गौतमी बलश्री या सातवाहन राणीनं आपल्या मुलाचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा पराक्रम कोरून घेतलाय, तोही नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. आजीनं नातवाच्या राज्यात मुलाबद्दल लिहून घेतलेला हा मजकूर आहे. मला दर वेळी तिथे थांबावंसं वाटतं.

दहावं लेणं नहपान राजाचा जावई उषवदात यानं दिलेलं. त्याच्या एका लेखात सरळ हिशेब आहे. त्यानं ३,००० कार्षापण (त्या वेळची नाणी) नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमचे ठेवले. २,००० दरमहा शेकडा एक दरानं, १,००० शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसत्या व्याजातून भिक्षूंची वस्त्रं आणि वरखर्च भागवायचा. जवळजवळ १,९०० वर्षांपूर्वीची मुदत ठेव! दहा वर्षांच्या मुलाला व्याज शिकवत असतील, तर त्याच्याकडून दरमहा किती मिळत असेल ते तिथेच काढून घ्या. आमच्या घरातल्या सगळ्या मुलांकडून आम्ही काढून घेतलंय.

उतरून परत रामकुंडावर या. अंधार पडता पडता गोदावरीची आरती होते. तिला पैसे पडत नाहीत, पायऱ्यांवर बसायचं. नंतर घाटावरच भेळभत्ता घ्या. बुधवार असेल तर घाटावरचा आठवडे बाजार दिवसा चुकवू नका. भाजी, मसाले, टोपल्या, खेळणी, जुनं लोखंड, सगळं एका जागी. फेब्रुवारी म्हणजे द्राक्षांचा हंगाम, तेव्हा रोज थोडी द्राक्षं घेत जा. हिरवी थॉमसन घ्या, काळी शरद घ्या, आधी एक मणी चाखा आणि मगच भाव करा. घडावर पांढुरकी लव असते ती नैसर्गिक असते, मात्र खाण्याआधी द्राक्षं पाण्यात बुडवून चांगली धुवा. वायनऱ्यांचं तुम्ही विचारलंय. लहान मुलगा, सासूबाई आणि सहा हजार, हे धरून या वेळी तिकडे जाऊ नका.

दुसरा दिवस त्र्यंबकचा, आणि तो पहाटेचा. सीबीएसवरून, म्हणजे मध्यवर्ती बसस्टँडवरून, एसटी सारख्या सुटतात, सिटीलिंकही जाते. पण तुम्ही एसटीनंच जा. एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे तुम्हाला आणि सासूबाईंना अर्ध्यातच. त्या ७५ च्या पुढे असतील तर त्यांना तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड जवळ ठेवा. शक्यतो सोमवार टाळा. सकाळी सातच्या आत रांगेत लागलात तर मोफत दर्शनाची रांग सोसवते. दोनशे रुपयांचा दर्शनपासही मिळतो. सासूबाईंना उभं राहणं जमत नसेल तर त्यांच्यापुरता तो खर्च मी योग्य मानते, बाकीच्यांनी रांगेतून जावं. बाहेर पूजा-विधी विचारणारे भेटतील. दर्शनाला कुठल्याही पूजेची गरज नसते, शांतपणे नाही म्हणा आणि पुढे चला. देऊळ नानासाहेब पेशव्यांच्या काळात बांधायला घेतलेलं. बाहेरून एक प्रदक्षिणा घाला, कोरीव काम मान वर करून बघण्यासारखं आहे. मग कुशावर्त, तिथलं पवित्र कुंड. गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर आहे, पण ती चढण सासूबाईंसोबत नको. त्याऐवजी परतीच्या वाटेवर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, ते बघा. आदल्या दिवशी कार्षापण हा शब्द ऐकलेल्या मुलाला तिथे जुनी नाणी दिसतील. पोटात भूक असेल तर सातपूर याच रस्त्यावर आहे, तिथली श्यामसुंदरची मिसळ ही दुसरी बाजू. अंबिका आणि श्यामसुंदरपैकी कोण सरस, ते मला इथे नक्की लिहा.

दुपारनंतर जुनं नाशिक. रविवार कारंजावरून मेन रोड, मग सराफ बाजार, भांडी बाजार. तांब्या-पितळेची भांडी नाशिकचीच घ्यावीत. इथे ती वजनावर मिळतात, आणि हातठोक्याचा तांब्या घरात पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. बजेटमधून काही उरलं तर ते इथे घाला, शोभेच्या वस्तूंवर नको. खायला सायंतारचा साबुदाणा वडा, बुधा हलवाईची जिलबी, आणि गाड्यावरचा पाववडा. तिन्ही वाटून खा, एकेकाला एकेक घेऊ नका, नाहीतर दुसऱ्याच थांब्यावर पोट भरेल. सामिष खात असाल तर संध्याकाळी भद्रकालीतला दूध बाजार आहे. घरी नेण्यासाठी कोंडाजीचा चिवडा. तो प्रवासात मऊ पडत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या तपोवननं परत जाताना तासभर आधी नाशिकरोडला पोचा. मुक्तिधाम स्टेशनपासून जवळ आहे. पांढऱ्या संगमरवराचं देऊळ, आत बाराही ज्योतिर्लिंगांच्या प्रतिकृती आणि भिंतींवर गीतेचे १८ अध्याय. सासूबाईंना तिथून लवकर निघवणार नाही, म्हणून गाडीची वेळ आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. फेब्रुवारी जमला नाही आणि सहल पुढे गेली, तर रंगपंचमीला या. त्या दिवशी जुन्या नाशकात पेशवेकाळापासूनच्या रहाडी उघडतात. रंगीत पाण्यानं भरलेल्या दगडी हौदांत माणसं धप्पकन उड्या मारतात, आणि बघायला एक पैसा लागत नाही. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मात्र येऊ नका. सिंहस्थाच्या पर्वण्या आहेत, तेव्हा सहा हजारांत खोलीसुद्धा मिळणार नाही.

तारखा पक्क्या झाल्या की खाली लिहा. मधे बुधवार किंवा सोमवार येत असेल तर दोन दिवसांची अदलाबदल करून देते.