हेडफोनची सवय लागली तर?

"आज वर्गात हेडफोन, उद्या नोकरीत काय करणार? जग काही त्याच्यासाठी गप्प बसणार नाही." सल्ल्यासाठी माझ्याकडे आलेली, अकरा वर्षांच्या ऑटिस्टिक मुलाची आई तावातावाने बोलत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा अभ्यासात चांगला, पण चौथ्या तासाला वर्गातून पळायचा. शिक्षिकेने आवाज अडवणारे हेडफोन सुचवले, तर आईला ते लाड वाटले.

हे लाड नव्हेत. आवाज, प्रकाश, स्पर्श यांचा फार जास्त त्रास होणं किंवा ते फार कमी जाणवणं हे २०१३च्या डीएसएम-५ पासून (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकी पुस्तिका) ऑटिझमच्या निकषांतच आहे. पण आईची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. कान सतत झाकून ठेवले, तर साधे आवाजही जास्त बोचू लागू शकतात. म्हणून हेडफोन कधी घालायचे, हे ठरवावं लागतं.

आधी मी एक चूक केली. लक्ष लागावं म्हणून त्याला पहिल्या बाकावर बसवायला सांगितलं. आठवड्यात पळणं वाढलं! मग मी स्वतः त्या बाकावर जाऊन बसले. पाठीमागे चाळीस मुलं, खुर्च्या ओढल्याचा खरखराट आणि कोण काय करतंय ते दिसत नाही. डोक्यावर जुन्या चोकची ट्यूब, अखंड गुणगुणणारी. पन्नास हर्ट्झच्या विजेवर अशी ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. बहुतेकांना कळत नाही, काहींचं डोकं दुखतं. वीस मिनिटांत मलाच उठावंसं वाटलं.

शेवटी त्यालाच विचारलं. (हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.) त्याने वर्गाचा नकाशा काढला आणि भिंतीकडेच्या कोपऱ्यावर फुली मारली: पाठ भिंतीला, दार समोर. ट्यूब बदलून एलईडी आली, खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणं बसली. ती सगळ्याच मुलांना आवडली. बाहेर जायचं असेल तर बाकावर निळं कार्ड ठेवायचं, कारण विचारायचं नाही. हेडफोन फक्त घंटेच्या वेळी आणि गटकामाला.

पळणं पूर्ण थांबलेलं नाही, पण आता तो कार्ड ठेवून जातो आणि परत येतो.

गेल्या भेटीत आईने हळूच विचारलं, "घरी त्याच्या खोलीतली ट्यूबही बदलू का?"

नकाशातून मान वर न काढता तो म्हणाला, "मी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं."