सासूबाई बोलत नाहीत, कारण मी दिराला दवाखान्यात नेलं

मावशी,
मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत लग्न होऊन आले, माहेर चिपळूणचं. यंदा लावणी आटपली आणि धाकट्या दिराला सणसणून ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखत होत्या की त्याला उभं राहवेना. डोळे आधी लाल झाले, मग पिवळे. सासूबाई म्हणाल्या, "कावीळ ती, आजोबांचा औषध आणूया." शेजारच्या वाडीतले एक आजोबा पाल्याचा रस देतात. माझे यजमान मागे त्याच रसाने बरे झाले होते, त्यामुळे पहिल्या दिवशी मलाही ती कावीळच वाटली. तीन दिवस रस आणि पथ्य चाललं. चौथ्या दिवशी त्याला लघवीच होईना. यजमान मुंबईला, म्हणून मी कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. आधी ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तिथून गोव्यातलं बांबोळीचं मोठं रुग्णालय. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) निघाला, डायलिसिस करावं लागलं. आता तो घरी आलाय, पण सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. देवळात कौल घेतला, म्हणजे देवाला कारण विचारलं, तर राखणदाराचं, जागा राखणाऱ्या देवाचं, वर्षाचं देणं राहिलं असं निघालं. ते लक्षात ठेवायचं काम यंदा माझ्याकडे होतं. मला तिसरा महिना आहे. मी चुकले का? यापुढे गप्प बसू का?
एक सून


बाय, तू चुकली नाहीस. हे आधी सांगते, नाहीतर बाकीचं वाचताना तुझं मन तिथेच अडकून राहील. लेप्टोत मूत्रपिंडं बंद पडू लागली की एकेक तास मोलाचा असतो. लघवी थांबली हे तू पाहिलंस आणि कुणाची वाट न बघता निघालीस, म्हणून तो मुलगा आज घरात आहे.

आता सासूबाई. त्या अडाणीपणाने वागल्या असं मनात धरलं असशील तर ते काढून टाक. त्यांनी आयुष्यभर डोळ्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे. तुझ्या यजमानांना झाली ती बहुधा दूषित पाण्यातून होणारी कावीळ असावी, हिपॅटायटिस ए. तिला खास औषध नाही. विश्रांती आणि हलकं जेवण मिळालं की काही आठवड्यांत ती बहुतेकांची आपली आपण उतरते. रस घेतला तरी उतरते, नाही घेतला तरी उतरते. गावाने पिढ्यान्‌पिढ्या हेच पाहिलं, की माणूस पिवळा झाला, आजोबांकडे गेला आणि बरा झाला. काही ठिकाणी काविळीची माळ गळ्यात घालतात. ओल्या काड्या वाळतात, गाठी सैल पडतात आणि माळ रोज थोडी लांब होते. ज्याच्या गळ्यात ती असते त्याला आजार उतरताना दिसतो, आणि त्याच दिवसांत तो खरोखर उतरतही असतो. मग विश्वास का नाही बसणार?

घात होतो तो पुढे. डोळे पिवळे होणं ही नुसती खूण आहे, आणि ती कितीतरी वेगवेगळ्या आजारांत दिसते. लेप्टोचा जंतू उंदीर, गुरं, कुत्री यांच्या मुतातून कुणग्यातल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून, चिखल्यांतून, खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतो. ताप यायला बहुधा आठवडा-दोन आठवडे जातात. तोवर लावणी संपलेली असते आणि तापाचा शेताशी संबंध कुणी लावत नाही. पोटऱ्यांचं तर विचारूच नको, लावणीनंतर कुणाच्या दुखत नाहीत? डोळे लाल होतात, पण चिपडं येत नाहीत. या सुरुवातीच्या दिवसांत नेहमीच्या, स्वस्त प्रतिजैविकांनी आजार आटोक्यात येतो. रसाने दिराला काय केलं याचा वाद घालत बसू नकोस. त्या रसात गेलेले दिवस परत मिळाले नाहीत, एवढंच महत्त्वाचं.

आणि मला वाटतं, हे सासूबाईंना तुझ्याआधी कळलंय. तीन दिवस रस त्यांनी स्वतःच्या हाताने पाजला. मग बांबोळीला मुलाला मशीनला लावलेलं पाहिलं. त्या आईच्या मनात काय आलं असेल, आणि ते ती कुणापाशी बोलणार? तू समोर आलीस की तेच तीन दिवस तिच्यासमोर उभे राहतात. तू रागावली नाहीस, एक शब्द बोलली नाहीस, तरीसुद्धा. म्हणून तपासणीचे कागद दाखवून तुझं खरं करायला जाऊ नकोस. तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, पहिल्या दिवशी तुलाही ती कावीळच वाटली. ते त्यांना सांग. दोघीच असताना, चुलीपाशी, कामाच्या ओघात सांग. उत्तराची वाट बघू नकोस.

दिराची पेज, पथ्यपाणी सगळं त्यांच्या हाती दे. मीठ किती, पाणी किती हे डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढं वाचून दाखव आणि बाजूला हो. मुलाला बरं करण्यात त्यांचा हात लागू दे.

कौलाबद्दल तू जरा दुखावलेली दिसतेस, ते साहजिक आहे. पण डॉक्टर सांगतात की आजार कशाने झाला. घरात प्रश्न वेगळाच असतो: अख्खी वाडी त्याच पाण्यात उभी होती, मग आमच्याच पोराला का? त्याचं उत्तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये नसतं. कौल काहीतरी उत्तर देतो आणि घाबरलेल्या घराला करायला काम देतो. नारळ ठेवा, गाऱ्हाणं घाला, राहिलेलं द्या. यात कुणाचं वाईट होत नाही. तूच म्हण, "आई, देणं राहिलं असेल तर देऊया, मीही येते." मुलगा देवाने वाचवला असं कुणी म्हणालं तर म्हणू दे. ते श्रेय मागून तुला काही मिळणार नाही.

मात्र एका गोष्टीत माघार घेऊ नकोस. देणं राहिलं ते घराचं, एकट्या सुनेचं नाही. सुनेच्या विसरण्याने दीर आजारी पडला, ही भाषा कानावर घेऊ नकोस आणि घरात रुजू देऊ नकोस. हे बोलायचं काम तुझ्या यजमानांचं आहे. चतुर्थीला येतील तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच म्हणायचं, "मी असतो तर मीही रिक्षाच बोलावली असती." फोनवर नको. आणि वाडीतल्या कुणी उद्या करणीबिरणीचं नाव घेऊन तुला छळायला सुरुवात केली, तर २०१३ पासून आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलीसपाटलांकडे जायला लाजू नकोस.

गप्प बसू का, विचारतेस. नाही. सासूबाई जरा निवळल्या की दोघी मिळून त्या आजोबांकडे जा. भांडायला नको. दिराचं काय झालं ते त्यांना सांग आणि विनंती कर: सोबत ताप असेल, पोटऱ्या दुखत असतील, लघवी कमी झाली असेल, माणूस बरळत असेल किंवा बाई गरोदर असेल, तर रस न देता "आधी दवाखान्यात जा" म्हणा. ते म्हणाले तर लोक जातील. उपकेंद्राच्या भिंतीवरच्या पोस्टरपेक्षा त्यांच्या शब्दाला वाडीत वजन आहे.

गरोदर बाईचं मुद्दाम लिहिलं, कारण ती तू आहेस. पाण्यातून होणारी दुसरी एक कावीळ आहे, हिपॅटायटिस ई. इतरांची ती सहसा बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. पाणी उकळूनच पी, विहीर गढूळ असो वा नितळ. डोळे पिवळे वाटले, लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना, रस नाही. पायाला भेगा असतील तर चिखलात उतरू नकोस. लेप्टो होऊ नये म्हणून शेतीच्या दिवसांत डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या वाटतात, त्या तू आपल्या मनाने घ्यायच्या नाहीत. आशाताईला दिवस गेल्याचं सांग.

पुढच्या तपासणीला यजमान नसतील, तर सासूबाईंनाच सोबत ने. कावीळ झाली तर काय करायचं, हे सासूबाईंनाच डॉक्टरांना विचारू दे.

तुझी मावशी