खिडकीपलीकडचा विद्यार्थी

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे महाविद्यालयांत आणि वसतिगृहांत काम करणाऱ्या वाचकांची आहेत. चौघांची कामे वेगवेगळी असली तरी विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याची आणि त्यांच्या निरनिराळ्या गरजांची जबाबदारी आपल्यावर नेमकी किती आणि ती पार पाडायला शिकायचे कुठे, हाच प्रश्न चौघांनी विचारला आहे. म्हणून या वेळचे सदर या एकाच विषयासाठी राखले आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका अनुदानित महाविद्यालयात कार्यालय अधीक्षक आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वर्षातून दोनदा कर्मचारी प्रशिक्षण घेण्याचे काम प्राचार्यांनी माझ्याकडे सोपवले. पहिले प्रशिक्षण पार पडले. पाहुण्यांनी ताणतणावावर दीड तास व्याख्यान दिले, प्राणायाम करून घेतला, आभारप्रदर्शन झाले आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय जसे होते तसेच सुरू झाले. दुसऱ्या प्रशिक्षणात नेमके काय घ्यावे?

उत्तर : पहिल्या प्रशिक्षणाचा अहवाल ‘उत्साहात संपन्न’ असा लिहून आपण मोकळे झाला असता तरी कोणी विचारले नसते. तसे न करता आपण हे पत्र लिहिले, याचे मला मोल वाटते.

प्रथम निकालाविषयी. विशाखापट्टणम येथे वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशभरातील शाळा, महाविद्यालये, विद्यापीठे, शिकवणी वर्ग आणि वसतिगृहे यांच्यासाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, ही त्यांतील एक. शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक आरोग्य क्षेत्रातील प्रमाणित व्यक्तींकडून प्रशिक्षण मिळावे, ही दुसरी. या प्रशिक्षणात काय असावे तेही न्यायालयाने सांगितले आहे : मानसिक प्रथमोपचार, धोक्याची लक्षणे ओळखणे, स्वतःला इजा करून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीत काय करावे आणि त्याला योग्य ठिकाणी कसे पाठवावे. वंचित समाजघटकांतील विद्यार्थी, अपंग विद्यार्थी, लैंगिक अल्पसंख्याक विद्यार्थी आणि घरात मृत्यू किंवा आघात सोसलेले विद्यार्थी यांच्याशी भेदभाव न करता, संवेदनशीलतेने कसे वागावे, हेही कर्मचाऱ्यांना शिकवायचे आहे. कर्मचाऱ्याने स्वतःचा ताण कसा घालवावा हा विषय चांगलाच आहे, परंतु निकालाने मागितलेले प्रशिक्षण ते नव्हे.

आता कार्यालयाकडे वळू. काही वर्षांपूर्वी अशाच एका प्रशिक्षणाच्या तयारीसाठी मी एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या खिडकीच्या आत, लिपिकाच्या शेजारी अर्धा दिवस बसले होते. धडगावकडची, दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी आली. ती त्या आठवड्यात तिसऱ्यांदा येत होती. लिपिकाने संगणकावर तिचा अर्ज उघडला आणि मान वर न करता सांगितले, “आधार सीड नाही, म्हणून पैसे जमा झाले नाहीत. सीड करून ये.” मुलगी “हो सर” म्हणाली आणि वळली. मी बाहेर जाऊन तिला विचारले तेव्हा कळले की ‘सीड’ नावाचा एखादा फॉर्म असतो आणि तो झेरॉक्सच्या दुकानात मिळतो, असा तिचा समज झाला होता. ती दोनदा दुकानात जाऊन आली होती. बँकेत जाऊन खाते आधार क्रमांकाशी जोडून घ्यायचे आहे, हे तिला कोणी त्या शब्दांत सांगितलेच नव्हते. दोन महिन्यांचे मेसचे पैसे थकल्यामुळे ती दिवसातून एकदाच जेवत होती. लिपिक दुष्ट नव्हता. त्याच्यापुढे प्रवेश, बोनाफाईड आणि एटीकेटीचे अर्ज असा ढीग होता आणि ‘सीड’ हा शब्द तो दिवसातून पन्नास वेळा उच्चारत होता. परंतु त्या मुलीच्या स्वास्थ्याचा प्रश्न समुपदेशकाच्या खोलीत सुटणारा नव्हता. तो त्या खिडकीवर, एका सोप्या वाक्याने सुटणारा होता.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, दुसऱ्या प्रशिक्षणात व्याख्यान पाव तासावर आणावे आणि उरलेला वेळ आपल्याच कार्यालयात घडलेल्या प्रसंगांना द्यावा. नावे वगळून चार-पाच प्रसंग आधीच लिहून काढावेत : ‘स्वाधार’ किंवा ‘स्वयम्’ या राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीच्या शासकीय योजनेचा हप्ता न आल्याने खोलीभाडे थकलेला मुलगा, वडील गेल्यावर फॉर्म भरायला उशिरा आलेली मुलगी, बोलताना अडखळणारा आणि रांगेतील मुलांच्या हसण्याने गप्प होणारा विद्यार्थी, कागदपत्रांवरचे नाव आणि आज वापरातले नाव वेगळे असलेली तृतीयपंथी विद्यार्थिनी. एका कर्मचाऱ्याने विद्यार्थी व्हावे, दुसऱ्याने खिडकीत बसावे आणि पाच मिनिटांनी जागा बदलाव्यात. वीस-पंचवीस वर्षे खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला बाहेरच्या बाजूने वाकून, काचेच्या गोल भोकातून बोलायला लावले की किती बाबी न सांगता कळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मानसिक प्रथमोपचाराचे सूत्र लक्षात ठेवायला अवघड नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत ते तीन शब्दांत आहे आणि मराठीत आपण त्याला ‘बघा, ऐका, जोडा’ म्हणू शकतो. बघणे म्हणजे नेहमीच्या वागण्यात झालेला बदल टिपणे. ऐकणे म्हणजे मधे न तोडता, सल्ला न देता ऐकणे. “एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास” आणि “आमच्या वेळी तर” ही दोन वाक्ये त्या दिवसापुरती तरी बाजूला ठेवावीत. जोडणे म्हणजे “समुपदेशकाकडे जा” असे सांगून मोकळे होणे नव्हे. विद्यार्थ्यासोबत दारापर्यंत जाणे, किंवा त्याच्यासमोर फोन लावून वेळ ठरवून देणे, म्हणजे जोडणे. लिपिकाने समुपदेशक व्हावे अशी अपेक्षा कोणाचीही नाही आणि तसा प्रयत्न त्याने करूही नये. प्रत्येक टेबलाच्या काचेखाली समुपदेशकाचा क्रमांक आणि वेळ, जवळच्या शासकीय रुग्णालयाचा क्रमांक आणि १४४१६ हा ‘टेलि-मानस’चा क्रमांक असलेला कागद असावा. फोनवरून मानसिक आधार देणारी केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. वसतिगृहे, वर्ग आणि संकेतस्थळावर असे क्रमांक ठळक अक्षरांत लावण्याची सूचनाही त्याच निकालात आहे.

दुसरी सूचना मला अधिक महत्त्वाची वाटते. प्रशिक्षणाचा शेवटचा पाऊण तास प्राचार्य आणि उपप्राचार्य यांनी कर्मचाऱ्यांसोबत बसावे आणि कार्यालयाच्या कोणत्या पद्धती बदलायच्या ते तिथेच ठरवावे. “एससी-एसटीवाले या रांगेत” अशी हाक मारण्याची गरज आहे का? फी थकलेल्यांची नावानिशी यादी सूचनाफलकावर लागते, ती प्रत्येकाला वैयक्तिक संदेशाने कळवता येणार नाही का? चाकाच्या खुर्चीवरील विद्यार्थ्याची खिडकी पहिल्या मजल्यावर का आहे? हे निर्णय लिपिकाच्या हातात नसतात. त्याला गोड बोलायला शिकवायचे आणि पद्धत मात्र अपमान करणारीच ठेवायची, हा त्याच्यावरही अन्याय आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात. एका वेळी पंचवीसपेक्षा जास्त माणसे घेऊ नयेत. जून-जुलैचे प्रवेश आणि परीक्षेचे आठवडे टाळावेत. कंत्राटी सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांना वगळू नये. तज्ज्ञ व्यक्तीसाठी जिल्हा रुग्णालयातील जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाकडे किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकारशास्त्र विभागाकडे विचारणा करावी. झालेली प्रशिक्षणे आणि पुढे पाठवलेले विद्यार्थी यांची नावे नसलेली नोंद ठेवावी, कारण तसा वार्षिक अहवाल द्यावा लागणार आहे.

प्रश्न : मी ग्रंथालयात परिचर आहे. आम्ही शिकवत नाही, मुले आमचे ऐकतही नाहीत. मग या प्रशिक्षणाला आम्हाला कशाला बसवतात?

उत्तर : वर्गात ४८ मिनिटांचा तास संपला की शिक्षक निघून जातात, आणि समोर शंभर मुले असताना एखाद्याचा चेहरा त्यांच्या लक्षात राहतोच असे नाही. रोज त्याच कोपऱ्यात बसणारा मुलगा आठ दिवस आलेला नाही, किंवा आला तरी पुस्तक न उघडता बंद व्हायच्या वेळेपर्यंत बसून राहतो, हे आपल्याच लक्षात येते. आपण त्याला शिकवायचे नाही. “बरेच दिवसांनी दिसलास, बरा आहेस ना?” एवढे विचारायचे आणि उत्तर काळजीचे वाटले तर ग्रंथपालांना किंवा समुपदेशकांना त्याच दिवशी कळवायचे. त्यासाठी आपण प्रशिक्षणात असणे मला शिक्षकांच्या उपस्थितीइतकेच आवश्यक वाटते.

प्रश्न : मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला एक मुलगी माझ्या खोलीत आली, बराच वेळ रडली आणि “मॅडम, मला जगावंसंच वाटत नाही, पण तुम्ही कोणाला सांगू नका, घरी तर नाहीच” असे म्हणाली. मी घाबरले. तिला शब्द दिला आणि रात्रभर जागी राहिले. सकाळी ती नेहमीसारखी कॉलेजला गेली. माझे काही चुकले का?

उत्तर : ती आपल्या दारापर्यंत आली आणि आपण तिला आत घेतले, ऐकले, ही त्या रात्रीची सर्वांत मोठी गोष्ट होती आणि ती आपण नीट केली. यापुढे दोन बाबी वेगळ्या करता येतील.

पहिली, स्पष्ट विचारण्याची. “बाळ, तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का? कसं करायचं ते ठरवलं आहेस का?” असे थेट विचारायला आपल्याकडे भीती वाटते, कारण विचारल्याने तो विचार डोक्यात भरेल असा समज आहे. तो समज चुकीचा आहे. विचारल्याने विचार पेरला जात नाही, उलट कोणीतरी ओळखले या जाणिवेने मोकळीक मिळते, असे या क्षेत्रातील तज्ज्ञांचे स्पष्ट मत आहे. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटी सोडू नये. तिच्या विश्वासातली मैत्रीण किंवा आपण स्वतः तिच्यासोबत राहावे, धोक्याच्या वस्तू तिच्या आसपास राहणार नाहीत हे पाहावे आणि त्याच रात्री १४४१६ वर तिच्यासोबत बसून फोन करावा. धोका समोर दिसत असेल तर ११२ किंवा १०८ ला फोन करून तिला रुग्णालयात न्यावे. पोलीस प्रकरण होईल या भीतीने पुष्कळ रेक्टर थबकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते, म्हणून तिच्यावर खटला भरला जात नाही, आणि तिला आधार, उपचार व पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे.

दुसरी बाब शब्द देण्याची. “कोणालाच सांगणार नाही” असा शब्द देऊ नये. त्याऐवजी, “हे मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन आणि तुला आधी सांगून सांगेन,” असे म्हणावे. घरी कळवण्याआधी घरच त्रासाचे कारण आहे का, हे तिला विचारावे. लग्नाचा दबाव, मारहाण किंवा आंतरजातीय संबंध असे काही असेल तर समुपदेशकांशी बोलून, तिचा विश्वास असलेल्या मावशी, आत्या किंवा बहिणीला बोलवावे.

सकाळी ती नेहमीसारखी दिसली, म्हणून विषय संपला असे समजू नये. आजच तिला बोलवून घ्या, पुन्हा विचारा आणि समुपदेशकाकडे तिच्यासोबत जा. आणि मॅडम, आपण एकटीने जागून काढलेली ती रात्र आपल्यालाही जड गेली आहे. अशा वेळी रात्री दहानंतर रेक्टरने कोणाला फोन करायचा, हे संस्थेने लेखी ठरवून द्यावे, अशी मागणी आपण आपल्या प्रशिक्षणात जरूर करा.

प्रश्न : मी परीक्षेत ज्येष्ठ पर्यवेक्षक म्हणून काम पाहतो. आमच्याकडे एका विद्यार्थ्याला जादा वेळ मंजूर आहे. तो धडधाकट दिसतो, चालतो, खेळतो. इतर मुले विचारतात की त्यालाच सवलत का? मला उत्तर देता येत नाही.

उत्तर : दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि त्यांतील अनेक डोळ्यांना दिसत नाहीत. वाचनाची किंवा लेखनाची विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार, हिमोफिलिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार, हे सारे त्यांतीलच आहेत. सिकलसेलचे रुग्ण विदर्भात आणि नंदुरबारकडे बरेच आहेत. असा विद्यार्थी सोमवारी खेळताना दिसेल आणि गुरुवारी वेदनेने पेन धरू शकणार नाही. हे काही त्याचे ढोंग नसते.

जादा वेळ ही मेहेरबानी नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र परीक्षार्थीला तासाला किमान २० मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास अधिक द्यायचा असतो. अपंगत्व ४० टक्क्यांच्या ठरावीक मर्यादेपेक्षा कमी आहे एवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये एका उमेदवाराच्या बाबतीत सांगितले. लिहिताना हाताला पेटके येणारा तो उमेदवार नागरी सेवा परीक्षा देत होता. कायद्यात याला वाजवी सोयीसुविधा म्हटले आहे, आणि त्या नाकारणे हा भेदभाव ठरतो.

इतर मुलांना एवढेच सांगावे की ज्याला चष्मा आहे त्याला आपण चष्मा काढून पेपर लिही असे म्हणत नाही. त्या विद्यार्थ्याचे निदान मात्र सांगू नये, तो अधिकार त्याचा आहे. मागच्या बाकावरून “हा तर नुसता नाटक करतो” असे ऐकू आले तर पर्यवेक्षकाने तिथेच, आवाज न चढवता थांबवावे. आणि पुढच्या सत्रापासून परीक्षा विभागाने अशा विद्यार्थ्यांची यादी, मंजूर वेळ, लेखनिक आणि तळमजल्यावरील खोली यांची माहिती पर्यवेक्षकाला आदल्या दिवशीच बंद पाकिटात द्यावी, म्हणजे ऐन पेपरच्या वेळी भरलेल्या वर्गात त्या मुलाकडे प्रमाणपत्र मागण्याची पाळी आपल्यावर येणार नाही.