जुना रेडिओ, सहस्रचंद्रदर्शन आणि एक हट्टी 'च'

गेल्या काही वर्षांत एक तक्रार समुपदेशक म्हणून माझ्याकडे इतक्या वेळा आलीय की आता समोरचा माणूस अर्ध्यावर आला की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. कुणी वडिलांची बंद पडलेली स्कूटर उघडून बसलंय, कुणी आजीचं शिवणयंत्र, कुणी सागवानी कपाटावरचे रंगाचे पाच थर खरवडतंय, कुणी एचएमटीची चावीची घड्याळं गोळा केलीत. सुरुवातीला भयंकर उत्साह, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघणं, मग दोन-तीन महिन्यांत कुठेतरी गाडी अडते आणि त्या वस्तूवर चादर टाकली जाते. मग येतं ते वाक्य, "मॅडम, माझ्यात चिकाटीच नाही, मी काहीच पूर्ण करू शकत नाही."

आज ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांनी लिहायला परवानगी दिलीय, ओळख पटेल असे तपशील मी बदललेत. वय चोपन्न, बँकेत नोकरी, ठाण्यात राहतात. मी मनातल्या मनात त्यांना 'मर्फीवाले' म्हणते, कारण त्यांच्याकडे वडिलांनी १९६६ साली घेतलेला मर्फीचा व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा, रेडिओ आहे. मर्फीचा कारखाना ठाण्यातच होता, जुन्या ठाणेकरांना तो अजून आठवतो, आणि ओठांवर बोट ठेवलेलं ते जाहिरातीतलं बाळ तर सगळ्यांनाच. वडील गेल्यावर गावचं घर आवरताना माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेला हा सेट मिळाला.

ते स्वतःहून आले नव्हते, बायकोने पाठवलं होतं. रविवारचा अख्खा दिवस रेडिओच्या मूडवर चालायला लागला होता, मुलीने टेबल पुसताना चार स्क्रू इकडचे तिकडे केले म्हणून तिच्यावर इतके ओरडले की पोरगी दोन दिवस बोलली नाही. त्यात एकदा रात्री साडेअकराला चिडलेल्या अवस्थेत आत हात घातला आणि जोरदार शॉक बसला. हे मी मुद्दाम सांगतेय कारण व्हॉल्व्हच्या सेटमध्ये आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढला तरी मोठे कंडेन्सर तो चार्ज काही काळ धरून ठेवतात. त्यांना हे पाठ होतं हो, पण रागात माणूस पाठ असलेलंच विसरतो.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "गेल्या रविवारी काय काय केलंत?"

"काहीच नाही."

"किती वाजता बसलात?"

"दहाला. उठलो दीडला."

"मग साडेतीन तास काय केलंत?"

मग हळूहळू बाहेर आलं. नुसती घूंऽऽ येत होती, स्टेशन पकडत नव्हतं, म्हणून पॉवर सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर तपासले, दोन्ही वाळलेले निघाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून नवीन आणून ठेवले होते ते बसवले. मेणाच्या कागदाचे जुने कंडेन्सर लीक होतात हे माहीत होतं म्हणून त्यातले तीन बदलले. सेट थेट प्लगात न लावता सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब टाकून चालू केला, बल्ब आधी उजळला मग मंद झाला, म्हणजे आत शॉर्ट नाही. घूंऽऽ निम्मी झाली. पण स्टेशन नाही लागलं.

मी म्हटलं, "याला तुम्ही 'काहीच नाही' म्हणताय?"

ते म्हणाले, "रेडिओ लागला नाही ना मॅडम. मग काय उपयोग."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विचारांवर वाढलेली समुपदेशक आहे. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलेला विवेकनिष्ठ विचार, म्हणजे घटनेपेक्षा तिच्याबद्दलचा आपला हट्टच जास्त त्रास देतो हा विचार, आपल्याकडे कि. मो. फडके सरांनी मराठीत रुजवला, आणि मला कायम वाटत आलंय की ही पद्धत मराठीत जास्त सोपी होते, कारण आपल्याकडे एका अक्षरात अख्खा आजार सापडतो. ते अक्षर म्हणजे 'च'. रेडिओ लागावा ही इच्छा आहे. रेडिओ लागलाच पाहिजे हा हट्ट आहे. इच्छा पूर्ण झाली नाही तर माणूस खट्टू होतो, चहा पितो, परत बसतो. हट्ट पूर्ण झाला नाही तर माणूस स्वतःवर निकाल देऊन मोकळा होतो आणि मग वस्तूवर चादर. म्हणून अशा वेळी मी आधी 'च' शोधते. 'काहीच' मधला, 'चिकाटीच' मधला, 'लागलाच' मधला.

पण नुसतं 'च' काढा सांगून तो निघत नाही, आणि माझ्या मते घाई करणारे समुपदेशक इथेच चुकतात. तो कुठून आला ते बघावं लागतं.

तिसऱ्या भेटीत कळलं. आईचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं होतं आणि यांनी फॅमिली ग्रुपवर रेडिओचा फोटो टाकून जाहीर केलं होतं की त्या दिवशी बाबांचा रेडिओ लागणार. छपन्न जणांचा ग्रुप, सगळ्यांनी हात जोडले, हृदयं पाठवली, पुण्याच्या आत्याने तर ती कुठलं गाणं ऐकणार ते पण सांगून टाकलं. बघा, छंद कुठे संपला आणि परीक्षा कुठे सुरू झाली ते यात दिसतं. तोवर रविवारी सकाळी ते टेबलाशी बसायचे ते 'यात काय बिघडलंय' या कुतूहलाने, आणि फोटो टाकल्यानंतर 'मी पास की नापास' या धास्तीने. काम तेच, माणूस तोच, कंडेन्सर पण तेच, पण धास्तीने बसलेला माणूस प्रत्येक अडचणीत स्वतःचा अपमान बघतो.

मी विचारलं, "बाबांच्या वेळी रेडिओ कसा वाजायचा?"

"एकदम क्लिअर. घंटेसारखा."

"तुम्हाला आठवतं?"

ते जरा थांबले. "मी लहान होतो. पण वाजायचा म्हणजे… वाजायचाच."

परत 'च'. मी त्यांना एवढंच काम दिलं की आईकडे जाऊन निवांत विचारा, रेडिओ कसा होता. दुरुस्तीचं बोलायचं नाही, कार्यक्रमाचं बोलायचं नाही, फक्त ऐकायचं.

पुढच्या भेटीत ते आले ते बसायच्या आधीच हसत होते, आणि हसता हसता डोळे पुसत होते. आई म्हणाली होती, "अरे तो मेला कधी धड लागलाय? पावसाळ्यात तर नुसती खरखर. तुझे बाबा दोन थापट्या मारायचे, लागला तर लागला, नाहीतर मला म्हणायचे तूच म्हण काहीतरी."

बराच वेळ आम्ही दोघं गप्प होतो. मी अशा वेळी बोलत नाही, समोरच्याच्या आत काहीतरी जागेवर बसत असतं आणि त्यात आपला आवाज नको. मग ते म्हणाले, "म्हणजे मॅडम, मी जो रेडिओ दुरुस्त करतोय तो रेडिओ नव्हताच कधी."

एकोणीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये काही वाक्यं मी वहीत लिहून ठेवलीत त्यातलं हे एक. कारण त्या दिवशी मला माझ्या इतर सगळ्या केसेस एकदम कळल्या. स्कूटरवाला, कपाटवाल्या बाई, घड्याळवाला मुलगा, सगळे समोरची वस्तू सोडून डोक्यातली वस्तू दुरुस्त करत होते. कधीही न कुरकुरलेली स्कूटर, एक ओरखडा नसलेलं कपाट. समोरची वस्तू प्रामाणिकपणे सुधारत असते, थोडी थोडी, पण डोक्यातल्या चित्राशी तुलना केली की रोज हरते. आधी मी अशा लोकांना टाइमटेबल करून द्यायचे, रोज अर्धा तास वगैरे. ते महिनाभर चालायचं आणि बंद पडायचं. आता पहिल्या भेटीतच विचारते, ही वस्तू तिच्या भर तारुण्यात खरंच कशी होती? घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून या. बहुतेकांना उत्तर आईच्या उत्तरासारखंच मिळतं.

त्यानंतर आम्ही कामाच्या पद्धतीवर बोललो आणि हे तुमच्यापैकी ज्यांच्या घरात अशी चादर टाकलेली वस्तू आहे त्यांनी जरा नीट वाचा. त्यांना मी एक शंभरपानी वही आणायला लावली. उठताना त्यात 'आज काय झालं' असं लिहायचं नाही, 'आज काय कळलं' ते लिहायचं. हा फरक बारीक वाटेल पण खूप आहे. जुन्या वस्तूच्या कामात दहातले आठ दिवस काही 'होत' नाही, पण कळत रोज असतं. हा व्हॉल्व्ह चांगला आहे हे कळलं, म्हणजे दोष त्याच्यात नाही, म्हणजे शोधायची जागा कमी झाली. हे लिहिलं नाही तर मेंदू त्याची नोंद 'काहीच नाही' अशी करतो आणि आठ रविवार तसे गेले की हात आपोआप टेबलापासून लांब राहतात, त्याला आपण आळस म्हणतो.

दुसरं म्हणजे उठायचं कधी. बहुतेक लोक अडकले की उठतात, वैतागून. मग पुढच्या आठवड्यात त्या टेबलाकडे बघितलं की तोच वैताग आधी भेटायला येतो. त्यापेक्षा पुढची पायरी माहीत असताना उठायचं, आणि ती चिठ्ठीवर लिहून वस्तूवरच ठेवायची, 'पुढच्या वेळी फक्त डायलची दोरी'. एवढंच. आणि रात्री नऊनंतर उघडायचं नाही, विजेचं काम असेल तर बिलकुल नाही.

तिसरं, जे आवडत नाही ते दुसऱ्याला देता येतं. यांना सोल्डरिंग आवडायचं, पण आतल्या कॉइल्सचं ट्युनिंग जमेना आणि त्या अंदाजाने फिरवल्या तर चांगला सेट बिघडतो. जुन्या मेकॅनिकला द्यायला ते तयार नव्हते, "मग ते माझं काम कसं?" मी विचारलं, घरचा गणपती तुम्ही बसवता, मूर्ती कोण करतं? ते गप्प झाले आणि पुढच्या शनिवारी सेट घेऊन गेले. त्या मेकॅनिकशी त्यांची आता चांगली मैत्री आहे, आणि एकट्याने चिडत बसण्यापेक्षा या कामातल्या दुसऱ्या माणसाबरोबर चिडणं केव्हाही बरं, त्यात निम्मा राग गप्पांतच जातो.

आणि सोडून द्यायची पण मुभा आहे, हे मी ठणकावून सांगते. आजीचं उषा शिवणयंत्र उघडून बसलेल्या एक ताई माझ्याकडे यायच्या, सहा महिने अपराधी वाटून घेत होत्या. बोलता बोलता लक्षात आलं की त्यांना तेल-वंगणात हात घालणं अजिबात आवडत नाही, त्यांना शिवायला आवडतं. मशीन कारागिराकडे गेलं, आठवड्यात परत आलं, आता त्या त्याच्यावर गोधड्या शिवतात. याला हार म्हणणारी मी नाही. फक्त सोडायचं तर ठरवून सोडा. सुटे भाग पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून, खोक्यावर तारीख टाकून. चादर टाकू नका. चादरीखालची वस्तू रोज बोलत राहते.

एक गंभीर गोष्ट पण सांगायला हवी. वैताग फक्त त्या वस्तूपुरता असेल तर वरचं सगळं उपयोगी पडेल. पण दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, आधी आवडणारं सगळंच बेचव झालं असेल, तर प्रश्न छंदाचा नाही, तेव्हा डॉक्टरांना भेटा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, संकोच करू नका.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी रेडिओ लागला नाही. म्हणजे व्हॉल्व्ह तापून आवाज यायचा पण डायलची दोरी पुलीवरून सातव्यांदा सुटली होती, काटा जागचा हलत नव्हता. त्यांनी आदल्या रात्री ग्रुपवर लिहिलं, 'काम चालू आहे, बघायला या', आणि मागचं झाकण काढून तो तसाच हॉलमध्ये मांडला. नातवंडं टॉर्च लावून आत बघत बसली. आईने ओवाळून झाल्यावर येऊन त्याला दोन थापट्या मारल्या आणि अख्खं घर हसलं. हे सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता, मागे कधी मी तो तसा बघितला नव्हता.

दोरी अकराव्या वेळी बसली. पुढे एका साध्या मंगळवारी संध्याकाळी, कुणाला काही न सांगता, मीडियम वेव्हवर ५५८ किलोहर्ट्झच्या आसपास आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लागली, खरखरीसकट. त्यांनी आईला फोन लावून रिसीव्हर रेडिओजवळ धरला. आई म्हणाली, "हां, असाच लागायचा."

परवा त्यांचा मेसेज आला होता. शॉर्टवेव्ह अजून बंद आहे, बँड स्विचवर संशय आहे, वहीत लिहिलंय. आणि खाली, 'बघू.'