डेडलाइनमधला 'डेड' कुठून आला?

'डेडलाइन'चा मरणाशी खरंच काही संबंध आहे का, की 'डेड' नुसता जोर द्यायला आलाय? आणि 'अंतिम मुदत' हा तिला नेमका प्रतिशब्द आहे का? असा दुहेरी प्रश्न आहे.

संबंध आहे, आणि अगदी शब्दशः. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, दक्षिणेकडच्या राज्यांनी जॉर्जियात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांची छावणी उभारली. सभोवती ओंडक्यांचं उंच कुंपण. त्याच्या आत साधारण १९ फुटांवर खुंट्या ठोकून वर फळ्यांच्या पट्ट्या मारलेली, बुटकी, तकलादू आडकाठी. हीच 'डेड लाइन'. ती ओलांडली की मचाणावरचा पहारेकरी गोळी घालायचा. छावणीतून एक ओढा वाहायचा. जरा बरं पाणी मिळावं म्हणून आडकाठीखालून हात घालणारेही मारले गेल्याच्या साक्षी आहेत. पुढे छावणीचा प्रमुख हेन्री वर्झ याच्यावर खटला चालला. आरोपपत्रात ही रेषा आहेच, शिवाय काही ठिकाणी ती निव्वळ काल्पनिक होती, असंही त्यात म्हटलंय. म्हणजे दिसतही नव्हती! नोव्हेंबर १८६५मध्ये तो फासावर गेला. (छावणीत जवळपास १३ हजार कैदी दगावले, पण बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने.)

तर शब्द मुळात जागेचा. वेळेचा अर्थ त्याला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत चिकटला. छापखान्यातही यंत्राच्या पाट्यावर एक 'डेडलाइन' असे, तिच्यापलीकडे गेलेला मजकूर उमटत नसे.

आता 'मुदत'. हा शब्द अरबी, आणि तो टोकाचा नाही, लांबीचा. म्हणून मुदत भरते, संपते, वाढवून मिळते. टायफॉइडला मुदतीचा ताप म्हणतात तेही ठरलेले दिवस घेतल्याशिवाय तो उतरत नसे म्हणून. टोक दाखवायचं तर 'अंतिम' जोडावंच लागतं, तेव्हा 'अंतिम मुदत' चुकीचं नाही. फक्त मग 'अंतिम मुदतीला मुदतवाढ' असले मथळे वाचायची तयारी ठेवायची.

मी स्वतः अर्जात, पत्रात 'पंधरा तारखेपर्यंत' असं सरळ लिहितो. बोलताना मात्र डेडलाइनच. फक्त आपण ती 'गाठली' की सुटलो म्हणतो; अँडरसनव्हिलच्या कैद्याला हे काही केल्या कळलं नसतं.