संध्याकाळी सातनंतर पाणी बंद? कोणी सांगितलं तुला?

पत्र थोडक्यात असं: "मी २९ वर्षांची, डोंबिवलीला सासू-सासऱ्यांसोबत वन बीएचकेमध्ये राहते. पहिलीच वेळ आहे, ३३वा आठवडा चालू आहे. आई म्हणते सांगलीला ये, पहिलं बाळंतपण माहेरीच. सासूबाई म्हणतात इथल्या डॉक्टर पहिल्यापासून बघतायत, आता कशाला हलायचं. नवरा समजूतदार आहे, म्हणतो तू ठरवशील तसं. रात्री झोप लागत नाही. सारखं उठायला लागू नये म्हणून मी सातनंतर पाणी पीत नाही, कारण बाथरूमला हॉलमधून जावं लागतं, तिथे सासरे दिवाणावर झोपतात आणि त्यांची झोपमोड होते. माहेरी निदान मोकळेपणाने उठता तरी येतं. हल्ली मधूनमधून पोट दगडासारखं घट्ट होतं. मी नक्की कुठे जाऊ?"

अगं, दोन पानं सांगली की डोंबिवली यावर लिहिलीस, कोण काय म्हणालं, डोहाळजेवणात मामेसासूबाईंनी काय टोमणा मारला, सगळं सविस्तर. आणि मधेच एका ओळीत पाणी पीत नाही असं टाकून पुढे गेलीस. मी तिथेच थांबले. पुढचं वाचलं, पण डोक्यात तेवढंच राहिलं.

सातपासून सकाळी उठेपर्यंत घोटभर पाणी नाही, ते पण सात महिने पूर्ण झालेल्या बाईने, ह्या उकाड्यात. आणि पुढे काय लिहिलंयस, तर तरीही दोन-तीनदा उठावंच लागतं, मग लाइट न लावता मोबाईलच्या उजेडात, खाली सासूबाईंची गादी आहे ती ओलांडून जाते. बाथरूमची फरशी ओली, पोटामुळे स्वतःची पावलं दिसत नाहीत, आणि तू अंधारात गादी ओलांडतेयस! कोणाची झोप मोडू नये म्हणून!

पाणी बंद केलं म्हणून उठणं थांबत नसतं गं. बाळाचं वजन लघवीच्या पिशवीवर पडलेलं असतं, शिवाय दिवसभर पायात जे पाणी उतरतं, सूज येते ना संध्याकाळी, ते आडवं झालं की परत रक्तात येतं आणि किडनी ते बाहेर काढते. म्हणजे उठावं लागणारच. पाणी तोडून हाती काय येतं तर लोहाच्या गोळ्यांनी आधीच असलेला बद्धकोष्ठ वाढतो, आणि लघवीला जळजळ, इन्फेक्शन. गरोदरपणात मूत्रमार्ग सैलावलेले असतात, लघवी साचून राहते, इन्फेक्शन किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही, आणि बाळ दिवस भरायच्या आत येण्याचं ते एक कारण असतं. पोट दगडासारखं होतं म्हणतेस त्याला सासूबाई खोट्या कळा म्हणतात, असतीलही, पाणी कमी पडलं की त्या जास्त येतात. पण ३३व्या आठवड्यात ते ओळखायचं काम सासूबाईंचं नाही आणि माझं तर नाहीच. उद्या डॉक्टरांकडे जा, लघवीची तपासणी करून घे, सातनंतर पाणी पीत नाही हे जसंच्या तसं सांग, लाजू नकोस. आणि पोट ठरावीक अंतराने घट्ट होत राहिलं, पाणी किंवा रक्त गेलं, ताप आला, बाळाची हालचाल कमी वाटली, तर उद्याची पण वाट बघायची नाही, लगेच हॉस्पिटल.

आता तुझ्या समजूतदार नवऱ्याबद्दल. त्याने फोनवर अ‍ॅप टाकलंय, या आठवड्यात बाळ अननसाएवढं झालं असं तो रोज सांगतो, किती गोड असं तू लिहिलंयस. मला नाही वाटलं गोड. अननस माहितीये, पण शेजारी झोपलेल्या बायकोने संध्याकाळपासून पाणी प्यायलेलं नाही हे माहीत नाही. आणि माहीत असून "बाबांचा स्वभावच तसा आहे" म्हणत असेल तर तो समजूतदार नाही, त्याला फक्त वाद नकोयत. तू ठरवशील तसं म्हणणं फार सोपं असतं.

तुझं सांगलीचं गाऱ्हाणंही मला यातूनच कळलं. माहेरी मोकळेपणाने उठता येतं, हे तूच लिहिलंस. आईचा हट्ट, रीत, डिंकाचे लाडू हे सगळं असेल, पण तुला रात्री कोणाला न घाबरता बाथरूमला जायचंय म्हणून सांगली हवीये. जा की, माझी ना नाही. डॉक्टरांना विचार, प्रवासाला हो म्हणाल्या तर याच एक-दोन आठवड्यांत जा, ३६ आठवड्यांनंतर एवढ्या लांबचा प्रवास नको, आणि फाईल, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट स्वतःच्या पर्समध्ये. तिकडच्या हॉस्पिटलात रात्री-अपरात्री सिझेरियनची आणि रक्ताची सोय आहे का ते आईला आजच विचारायला सांग. झालं. पण सव्वा महिन्याने नाहीतर तीन महिन्यांनी बाळ घेऊन परत त्याच हॉलमध्ये येणार आहेस ना?

म्हणून कुठे जायचं ते नंतर. आज रात्री जेवायला सगळे बसले की तू बोलायचं. नवऱ्याला बोलायला लावू नकोस, तूच बोल. "बाबा, मला रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, पाणी पण भरपूर प्यायला हवं, तर आजपासून आम्ही दोघं हॉलमध्ये झोपतो, तुम्ही आणि आई आत बेडवर झोपा." एवढंच. चालेल का, हरकत नाही ना, असली शेपटं जोडायची नाहीत. तू दिवाणावर, तुझा नवरा खाली गादीवर, बाथरूम चार पावलांवर, पॅसेजचा लाइट रात्रभर चालू. दिवाण उंच आहे, कुशीवर वळून पाय खाली सोडून उठायला बरा. हॉलला बाल्कनी आहे म्हणतेस, वारा पण येईल. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना तर जमिनीवरून डबल बेड मिळतोय, त्या का नाही म्हणतील? सासरे दोन दिवस घुम्यासारखे बसतील. बसू देत.

तूच बोल म्हणते त्याला कारण आहे. लेबर रूममध्ये दर थोड्या वेळाने लघवीला जाऊन ये म्हणून सिस्टर मागे लागतात, पिशवी भरलेली असली की बाळाचं डोकं खाली यायला अडतं. बाळंत झाल्यावरही पहिला प्रश्न तोच, लघवी झाली का. तिथे अनोळखी माणसांसमोर दुखतंय, नको, थांबा, मला हे हवंय असं मोठ्याने सांगावं लागतं. जी मुलगी घरात बाथरूमला जाते हे कळू नये म्हणून तहानलेली झोपते ती तिथे काय बोलणार? सवय आतापासून कर. आणि कळांच्या वेळी आत सोबत कोणाला येऊ देतात ते उद्या डॉक्टरांना विचारशीलच, तिथेही नाव तू सांग, आई की नवरा की आणखी कोण.

आज उशाशी तांब्याभरून पाणी ठेव. आणि एक ध्यानात ठेव, बाळ झालं की ते दर दोन-तीन तासांनी उठून रडणार, अंगावर पाजताना तहान तर अशी लागते की विचारू नको. तेव्हा सासऱ्यांची झोप जपायची तर ते आत, दार लावूनच बरे. दिवाण परत द्यायची घाई करू नकोस.